दुसऱ्यांदा एकशे सदतीस

एकशे सदतीस नंबर बाईच्या टेबलावर पहिल्यांदा आला तेव्हा तिने मानही वर केली नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा केली. पहिला कागद एका गवंड्याने आपटला होता, दुसरा एका शिंपिणीने. गवंड्याची भुवई फुटून रक्त गालावर आलं होतं आणि शिंपिणीच्या मुठीत जुन्या शेगडीचं लोखंडी कडं होतं, म्हणजे कुणी कुणाला काय केलं हे विचारायची गरज नव्हती. "वाचा," शिंपीण म्हणाली. "खाली छापखान्याचं नाव तुमचंच आहे ना? मग वाचा मोठ्यानं, ह्यालाही ऐकू द्या." बाईने दोन्ही कागद जवळ ओढले. अक्षरं वाचायला तिला वेळ लागे, ओठ हलवावे लागत, आणि ते कुणी पाहिलेलं तिला खपत नसे. पण आकड्यांच्या बाबतीत तिचा हात धरणारा अजून जन्माला यायचा होता. एक, तीन, सात. एक, तीन, सात. दोन्ही कागदांवर तीच शेगडी, तीच निळी ज्योत, कोपऱ्यात तोच आकडा. गवंड्याच्या हनुवटीवरून एक थेंब सुटला आणि शिंपिणीच्या कागदावर, साताच्या शेपटीपाशी पडला. बाईने तो अंगठ्याने पुसला, तर तो आणखी पसरला. चाळीसपेक्षा जास्त वर्षं ती ह्या टेबलाशी बसत होती आणि एवढ्या वर्षांत एक नंबर दोन माणसांकडे गेला नव्हता. एकदा सोडून. बाई जगातलं सगळं मोजे, पण ते एकदा ती मोजत नसे.

"माझा खरा आहे, आजी," गवंडी म्हणाला. "मी सोमवारी काढलाय, पुतण्याच्या घरी, त्याच्या मशीनवर." "आणि मी काय स्वप्नात काढलाय? मी बुधवारी काढला." "बुधवारचा खोटा." "तुझ्या डोक्यात अजून एक घालू का, म्हणजे कुठला खोटा ते कळेल?" दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभी राहून असं बोलत होती जसं कुणी भाजीबद्दल बोलावं, आणि मधेच गवंड्याने शिंपिणीचं मनगट धरून पिरगळलं आणि तिने त्याच्या नडगीवर लाथ घातली आणि दोघंही पुन्हा उभी राहिली, धापा टाकत. मागे यंत्रांवरची दोन माणसं यंत्रं बंद करून बघत होती. कुणी सोडवायला आलं नाही. आज सकाळपासून गावात कुणी कुणाला सोडवत नव्हतं, असं गवंडी म्हणाला.

शेगडीवाल्याने आपल्या वेबसाइटवर कूपन ठेवलं होतं. ते ज्याने त्याने घरी छापून घ्यायचं, शनिवारी कूपन आणि जुनी शेगडी दुकानात द्यायची, नवी न्यायची. पाचशे नंबरांपर्यंत, पुढे नाही. कागद छापताना त्यावर आपोआप पुढचा नंबर पडत जाई. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, आणि एकदा गेलेला पुन्हा कुणाला नाही. हे सगळं बाईच्या सुनेने बांधलं होतं. आज शनिवार होता, आणि दुकानासमोर पाचशेच्या जागी नऊशे माणसं आली, नऊशेच्या नऊशे कूपनं घेऊन, एकूणएक खरी. डोकं फोडायला सोयीची अशी वस्तू प्रत्येकाने घरूनच आणली होती. "दारवानाने रांगेत या म्हणून हात वर केला," गवंडी सांगत होता, "तर कुणीतरी त्या हाताखालून दोन बर्नरची शेगडी त्याच्या कानशिलावर घातली. तो खाली बसला, तो बसूनच राहिला. टोपी शोधत होता. टोपी डोक्यावरच होती." शिंपीण म्हणाली, "एक बाई दुसऱ्या बाईच्या पोटावर उभी होती, आजी. चपला घालून. आणि दोघींकडे आठ नंबर." कानशिल हा शब्द बाईच्या उजव्या कानातून आत गेला. डाव्या कानातून काही जाण्याची सोय राहिली नव्हती.

डावा कान मालकाने घेतला होता. मालक म्हणजे तिचा नवरा. छापखान्यात सगळे मालक म्हणत म्हणून तीही म्हणे, आणि तो गेल्यावरही तेच म्हणत राहिली. लग्न होऊन आली तेव्हा तिला वीसपर्यंत येत होतं, तेही बोटांवर. पुढचं त्याने शिकवलं. त्याची शिकवण्याची पद्धत सरळ होती. एक चापट बसली की पुढचा आकडा म्हणायचा. एकवीस. बावीस. तेवीस. आकडा चुकला तर तोच पुन्हा, चापटेसकट. आणि रडलं तर, "पुन्हा एकपासून." हे तो ओरडून म्हणत नसे, कंटाळून म्हणे, जसं मास्तर फळा पुसताना म्हणतात. तिशीत गाल बधिर व्हायचा, चाळिशीत कानात शिटी वाजायला लागायची, आणि एकोणपन्नासला ती दर वेळी अडखळायची, कारण तो आकडा तोंडात मोठा होता आणि तोंड सुजलेलं असायचं. शंभराला पोचायला तिला एक अख्खा हिवाळा लागला. मालक खूश झाला. आल्या-गेल्याला सांगत सुटला, माझी बायको शाळेचं तोंड न बघता शंभर शिकली. मग त्याने तिच्या हातात नंबरिंग मशीन दिलं. मुठीएवढं लोखंड, वर लाकडी मूठ, आत आकड्यांची चाकं. कागदावर दाबलं की धप्प, उचललं की खट्, आणि आतलं चाक आपोआप एकाने पुढे. पावत्या, बिलं, तिकिटं, सगळ्यांवर बाईच्या हातचा नंबर. दिवसाला तीन-तीन हजार धपके. डोळ्यांनी बघायची गरजच पडत नसे. धप्प मनगटात जाई, खट् कानात, आणि आकडा खांद्यात जमा होई. मालक मारायचा तो हात आणि ती मारायची ते यंत्र, ह्यांत तिला पुढेपुढे फरक वाटेनासा झाला. उलट बरं वाटे. कागद रडत नव्हते. कागदांना पुन्हा एकपासून करावं लागत नव्हतं.

नंबरिंग मशीन अजून टेबलावर होतं. काम गेलं होतं, पण ते गेलं नव्हतं. सून घरात आली ती बोटं चालवणारी. बोलणं कमी, आणि बोललीच तर सुईच्या टोकाएवढं. तिने छापखान्याच्या माडीवर दोन लॅपटॉप मांडले, बाईच्या भाषेत पेट्या, आणि गिऱ्हाइकांच्या वेबसाइट बांधायला लागली. बाईने पहिल्याच दिवशी विचारलं, "तुझ्या पेटीत नंबर पडतो म्हणजे कुठे पडतो? दाखव." "पडत नाही, आई. लागतो." "ज्याचा आवाज येत नाही तो नंबर कसला?" "तुम्हाला तसाही एकाच कानाने येतो," सून म्हणाली, आणि बाईला राग यायच्या आधी हसू आलं, मग हसू आल्याचा राग आला. पण ह्या छापखान्याची एक रीत होती, मालकाच्या वेळेपासूनची: कुठल्याही कामाचा पहिला नंबर बाईच्या हातचा. शेगडीवाल्याचं काम आलं तेव्हा बाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली आणि म्हणाली, मी इथून उठत नाही. मुलगा वैतागला. "आईला काय कळतंय त्यातलं," असं तो तिच्या उजव्या बाजूला उभा राहून म्हणाला, तिला डावी समजून. संध्याकाळी सुनेने खाली बाईच्या टेबलावर एक जुना कॉम्प्युटर आणून ठेवला, त्याच्या पडद्यावर एकच हिरवं बटण, त्यावर लिहिलेलं, सुरू. "हे दाबलं की मोजणी एकपासून सुरू होईल. सोमवारी सकाळी नऊला. तुमच्या हाताने." बाईने सोमवारी नवं पातळ नेसून बटण दाबलं. धप्प झालं नाही. खट् झालं नाही. वर सून म्हणाली, "झालं," आणि खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि बाईला वाटलं आपल्याला कुणीतरी रिकाम्या ताटावर बसवलंय.

शटर धाडकन अर्धं खाली आलं आणि मुलगा वाकून आत शिरला. शर्टाची एक बाही नव्हती. शेगडीवाल्याच्या दुकानातून तो पळत आला होता आणि त्याच्या मागे लोक येत होते, हे त्याने सांगायच्या आधी ऐकू यायला लागलं. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज, चालता चालता, जणू कुणी भांड्यांचं दुकान गल्लीतून ओढत आणतंय. "बाहेर व्हा," तो गवंड्याला आणि शिंपिणीला म्हणाला, आणि ती होत नाहीत म्हटल्यावर त्याने गवंड्याची मान धरून त्याला शटरखालून ढकललं. शिंपीण आपण होऊन गेली, जाताना कड्याने दाराची काच फोडून गेली, आणि मुलाने शटर गुडघ्यापर्यंत ओढलं. "शेगडीवाला येतोय," मुलगा म्हणाला. "पोलीस घेऊन येतोय. दारवान दवाखान्यात आहे, डोळा जाईल म्हणतात. ज्याने केलं त्याला बाहेर काढ म्हणतोय, नाहीतर छापखाना जाळतील, मी अडवणार नाही म्हणतोय." मग त्याने जिन्याकडे बघून बायकोला हाक मारली. हाक मारली म्हणजे नुसतं, "ए." सून पेटी हातात घेऊन खाली आली, उघडीच, आणि बाईच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "मी बघतेच आहे." "काय बघतेस? काय बघतेस?" त्याने तिचे केस मानेपाशी धरले आणि तिचं तोंड पडद्याजवळ नेलं, इतकं की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. "बघ. नीट बघ."

बाई जागची हलली नाही. तिने हे कधी पाहिलं नव्हतं. ऐकलं होतं का, तर भिंतीपलीकडून काही आदळलेलं, एखादं कपाट, एखादी हुंदक्यासारखी खुर्ची. पण बाईला एका कानाने ऐकू येत नाही हे घरातल्या सगळ्यांच्या सोयीचं होतं, बाईच्याही. ती झोपताना उजवा कान उशीवर ठेवी. आता तो कान उघडा होता आणि डोळे तर दोन्ही होते. मुलाचा अंगठा केसांच्या मुळाशी होता, कोपर बाहेर काढलेलं, खांदा किंचित उचललेला. मालक असाच धरायचा. मुलगा तीन वर्षांचा असताना मालक गेला, म्हणजे पाहून शिकायला त्याला वेळ मिळाला नव्हता, आणि तरी कोपर अगदी तस्संच. पोटात असताना शिकला असेल. पोटात असताना त्याने बरंच ऐकलं होतं.

"मंगळवार," सून पडद्याला नाक टेकलेल्या अवस्थेतच म्हणाली. तिचा आवाज जागेवर होता, ह्याचं बाईला भय वाटलं. "मंगळवारी दुपारी तीन वाजून बारा मिनिटं. तोपर्यंत चारशे बारा नंबर गेले होते. तीन-बाराला मोजणी परत एकवर आलीये. तिथून पुन्हा पाचशे." "परत कशी आली? आपोआप आली?" "आपोआप येत नाही. आणावी लागते." "मग तूच आणलीस." "मंगळवारी तीन वाजता मी दाढ काढायला गेले होते," सून म्हणाली, "तूच सोडलंस." आणि तिने मान वळवता येईल तेवढी वळवली आणि केसांच्या आडून बाईकडे पाहिलं. आरोप नव्हता त्या बघण्यात. हिशेब पुरा झाल्यावर मुनीम वही मिटतो आणि क्षणभर वहीवर हात ठेवून बसतो, तसं ते बघणं होतं. बाईने ते ओळखलं. तिच्याकडे असं एकदा कुणीतरी पाहिलं होतं.

मंगळवारी तीनला छापखान्यात बघायला कुणी नव्हतं. माणसं जेवून पेंगत होती, मुलगा सुनेला सोडायला गेला होता. बाई टेबलाशी बसली होती आणि समोर पडदा होता, आणि पडद्यावर हिरवं बटण तसंच होतं. कुणी काढलं नव्हतं, कारण ते तिच्यासाठी होतं, जशी एखाद्या घरात म्हाताऱ्या माणसाची काठी कोपऱ्यात राहते. तिच्या मनगटाला काम नव्हतं. वर कुठेतरी नंबर जात होते, तिच्याशिवाय, एकामागून एक, मुक्याने, आणि त्यांतला एकही तिच्या खांद्यात येत नव्हता. तिने बटणावर बोट ठेवलं. पडद्यावर एक ओळ उमटली. बाईने ओठ हलवत वाचली: पुन्हा एकपासून सुरू करायचं? आणि खाली दोन चौकोन, हो, नाही. बाई त्या ओळीकडे किती तरी वेळ बघत राहिली. पुन्हा एकपासून. हे शब्द तिने हजार वेळा ऐकले होते आणि दर वेळी त्यांच्यापाठोपाठ हात आला होता. आज त्यांच्यामागे प्रश्नचिन्ह होतं. तिला कुणीतरी विचारत होतं. ह्या घरात तिला पातळ कुठलं, भाजी कुठली, दिवा मालवू का, हेही आता कुणी विचारत नसे, आणि हे यंत्र, तिला, अदबीने, विचारत होतं. तिने हो दाबलं. काय होईल हे तिला ठाऊक नव्हतं का? आता, मुलाची मूठ सुनेच्या केसांत असताना, तिने स्वतःला हे विचारलं आणि उत्तर टाळलं नाही. एक म्हणजे एक हे तिला ठाऊक होतं. तेवढं तर तिला कुणीही न मारता येत होतं. तिला वाटलं होतं, बघू, माझ्या बोटाने काही हलतं का. आणि काही हललं नाही. आवाज आला नाही. म्हणून तिने मानून टाकलं की काही झालं नाही.

बाहेरचा आवाज शटरपाशी आला आणि थांबला. मग पहिली शेगडी शटरवर आदळली. पत्रा आत फुगला आणि मागे गेला. असाच किती तरी वर्षांपूर्वी सर्कशीच्या तंबूचा कापडी दरवाजा फुगला होता, असं त्या वेळी लोक सांगत. बाई तिथे नव्हती. सर्कस आली होती आणि सर्कशीच्या खुर्च्यांच्या तिकिटांवर नंबर घालायचं काम छापखान्याकडे होतं. नंबरिंग मशीनच्या बाजूला एक छोटा खटका असतो. एकेरीवर ठेवला तर दर धपक्याला नंबर पुढे जातो. दुबारवर ठेवला तर एक नंबर दोनदा उठतो, मग पुढे, कारण बिलं छापतात ती एक गिऱ्हाइकाला आणि एक आपल्याला. बाई आदल्या दिवशी बिलं करत होती आणि खटका दुबारवरच राहिला. आदल्या रात्रीच्या जेवणात मीठ जास्त पडलं होतं, त्यामुळे तिच्या डाव्या कानात आता शिटी नव्हती, काहीच नव्हतं, कापूस कोंबल्यासारखं. आणि मशीन त्याच बाजूला ठेवून ती नंबर कानाने मोजायची. खट् येतोय की एक सोडून एक येतोय हे त्या दिवशी तिला कळलं नाही. तिने आठशे तिकिटं केली आणि चारशे नंबर झाले. तंबूत एकेका खुर्चीवर दोन-दोन माणसं बसली, मग बसली नाहीत, मग खुर्च्याच हातात आल्या. एका माणसाचा दात सिंहाच्या पिंजऱ्याजवळ सापडला, हे लोक हसत सांगत.

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात जुळारी सगळ्यांत आधी आला. शिशाचे खिळे एकेक उचलून तो ओळी जुळवायचा. बारीक अंगाचा, कायम शीळ घालणारा, आणि त्याची बोटं इतकी चपळ की खिळे त्याच्याकडे आपण होऊन चालत येतात असं वाटे. गल्लीत बातमी त्याने ऐकलीच होती. त्याने टेबलावरचं नंबरिंग मशीन उचललं, खटका दुबारवर आहे हे पाहिलं, नखाने तो एकेरीवर सरकवला, आणि यंत्र होतं तसं ठेवून बाईकडे पाहिलं. वही मिटून तिच्यावर हात ठेवावा तसं. बाईला सातवा महिना होता. मग सर्कशीची माणसं आली, आणि कुणी केलं विचारल्यावर मालकाने इकडेतिकडे न बघता जुळाऱ्याकडे बोट केलं. कुणाकडे तरी करायला हवं होतं. त्यांनी त्याचा उजवा हात दगडी मेजावर पसरला. तंबूच्या मेखा ठोकायचा हातोडा त्यांच्याजवळ होता. बाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तो हातोड्याकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता, आणि ती बोलली असती तर हातोडा हवेतच राहिला असता. सात महिन्यांच्या गरोदर बाईवर कुणी उगारला नसता, आणि मालकाने नंतर घरी जे केलं असतं ते तिला नवं नव्हतं. एवढंच होतं. ती बोलली नाही. तिने मोजलं. एक. दोन. तीन. चार. अंगठा त्यांनी सोडला. शीळ घालायला बोटं लागत नाहीत, पण त्यानंतर ती शीळही कुणी ऐकली नाही.

दुसरी शेगडी शटरवर आली, मग तिसरी, मग मोजता येईना. "मी ह्याच पोरीला बाहेर देतो," मुलगा कुणालाच म्हणाला नाही, हवेला म्हणाला. "वेबसाइट हिने केली. सगळ्यांना माहीतच आहे. एवढं दोन थपडांत निभेल, आणि छापखाना वाचेल." त्याचा एक हात केसांत होता आणि दुसरा टेबलावर, पालथा, पसरलेला, वजन पेलणारा. "बोल," तो बायकोला म्हणाला, "म्हण, माझी चूक झाली. इथे म्हण आधी, सवय होऊ दे," आणि त्याने तिचं डोकं पेटीवर आपटलं. फार जोरात नाही. मास्तर आपटतात तेवढं. सुनेच्या नाकातून रक्त आलं आणि कळफलकावर पडलं. ती काही म्हणाली नाही. ती बाईकडे बघतही नव्हती आता. तिने बघणं काढून घेतलं होतं, आणि ते बाईला जास्त लागलं.

ह्या घरात शिकवायची एकच पद्धत होती आणि ती बाईलाही येत होती. तिने नंबरिंग मशीन उचललं आणि मुलाच्या पालथ्या हातावर आणलं. धप्प. किती तरी वर्षांनी तो आवाज मनगटातून खांद्यापर्यंत गेला, आणि यंत्र उचलताना खट् झालं, आणि मुलाच्या हाताच्या पाठीवर, शिरांच्या मधोमध, सहा आकडी नंबर उमटला. शाई वाळली होती, पण रक्ताने तो नीट उठला. मुलाने केस सोडले. तो ओरडलाही नाही, इतकं त्याला नवल वाटलं. "मी दाबलं," बाई म्हणाली. "काय?" "बटण. मंगळवारी तीन वाजता. तिने मला जे करून दिलं होतं ते. त्याने विचारलं, पुन्हा एकपासून करू का, मी हो म्हटलं. नऊशे कागद माझे आहेत. दारवानाचा डोळा माझा आहे." मुलगा हात छातीशी धरून तिच्याकडे बघत राहिला, आणि बाई वाट बघत होती की आता त्याचं कोपर उचलेल. उचललं नाही. उलट त्याच्या तोंडावर काहीतरी सैल पडलं, जवळजवळ माया म्हणावी असं. "बरं," तो म्हणाला. "बरं केलंस सांगितलंस. आता पुन्हा बोलू नकोस. बाहेर हिचंच नाव सांगायचं. तुला कोण काय करणार, आणि तुला केलं तर लोक मला काय म्हणतील?" असं म्हणून त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, नंबर उमटलेला हात, आणि तिच्या पांढऱ्या केसांना त्याचं रक्त लागलं. मालकाने मारलेली एकही चापट बाईला इतकी लागली नव्हती.

सून पदराने नाक दाबून उभी राहिली होती. "तुला ठाऊक होतं," बाई तिला म्हणाली. "पडदा उघडल्याबरोबर." "हो." "मग बोलली का नाहीस?" "मी बोलून काय होणार होतं, आई? मी बोलले असते तर तो म्हणाला असता, सासूवर ढकलते. ते तुम्हीच बोलायचं होतं." तिने पदराची घडी बदलली. "आणि खरं सांगू का, मला बघायचं होतं, तुम्ही बोलता का." "पोरी, तुझी जीभ फार तिखट आहे." "तुमच्याच हाताखाली आहे ना," सून म्हणाली आणि तिच्या पदरावरचा लाल डाग हाताएवढा झाला. चार बोटांचा. बाईला तो तसा दिसला, खरं तर त्याला काही आकार नव्हता.

शटर गुडघ्याएवढं उघडं होतं आणि खालून पाय दिसत होते, पायच पाय, आणि पायांमध्ये खाली टेकवलेल्या शेगड्या, तोंड वासलेल्या. बाईने टेबलावरचे दोन एकशे सदतीस उचलले, एक रक्ताचा आणि एक कोरा. मुलाला ती काय करते ते कळेपर्यंत तिने खाली वाकून दोन्ही हात पत्र्याखाली घातले होते. एवढं वजन तिला उचलेल असं कुणालाही वाटलं नसतं. पण तिचं मनगट चाळीस वर्षं रोज तीन हजार वेळा कामावर गेलेलं होतं. शटर गुंडाळत वर गेलं आणि ऊन आत आलं, आणि उन्हात ती सगळी तोंडं. पुढे गवंडी होता, शिंपीण होती. मागे शेगडीवाला खुर्चीवर चढून उभा होता, पोलीस अजून पोचले नव्हते. "कोण आहे?" तो ओरडला. "ती सून कुठे आहे?"

"सुनेचा ह्यात हात नाही," बाई म्हणाली. तिचा आवाज आयुष्यभर यंत्रांच्या वर बोललेला होता, तो शेवटपर्यंत गेला. तिने दोन्ही कागद वर धरले. "हा पण एकशे सदतीस आणि हा पण. दोन्ही खरे. एकपासून चारशे बारापर्यंत सगळे दोनदा गेले, ते ह्या बोटाने गेले. माझ्या. आणि सर्कशीची तिकिटंसुद्धा मीच केली होती." ते शेवटचं कुणाला कळलं नाही. ते ज्याला कळायचं तो गर्दीत नव्हता, पण बाईने गर्दीत त्याला शोधलं, शीळ घालणारं तोंड, चार बोटं नसलेला हात. एवढ्या म्हाताऱ्या बाईचं काय करायचं ह्याची कुणाला सवय नव्हती. मग मागून कुणीतरी एक कडं फेकलं. ते उन्हात फिरत आलं आणि तिच्या डाव्या गालाच्या हाडावर बसलं, बरोबर जुन्या जागी.

"एक," बाई म्हणाली.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते नुसतं हाडाचं पाणी होतं. ती रडली नाही. रडलं तर पुन्हा एकपासून. मागे मुलगा आत ये, आत ये म्हणून ओरडत होता, पण तो डाव्या बाजूला उभा होता, त्यामुळे सोयीचं होतं. बाईने पाय थोडे फाकवून टेकवले, जसे ती यंत्रापाशी टेकवायची, आणि गर्दीतल्या हातांकडे बघत राहिली, म्हणजे कुठून येतंय ते दिसेल.

"दोन," ती म्हणाली.